माल वाहायची गाडी घेताना



हंगाम बरा गेला, हातात चार पैसे आले, की घरात विषय निघतो : 'आता आपलीच एक पिकअप घेऊ. मालही जाईल आणि सणासुदीला घरच्यांनाही नेता येईल.' विचार वाईट नाही. पण दावणीच्या बैलाला काम नसलं तरी वैरण लागते, तसा दारातल्या गाडीला हप्ता लागतो. म्हणून गाडी बघायला शहरात जाण्याआधी घरी वही-पेन्सिल घेऊन बसा.

पहिला प्रश्न, आपला माल किती? समजा, टोमॅटोच्या एका तोड्याला ६० क्रेट निघतात आणि भरलेला क्रेट २२ किलोचा आहे. म्हणजे १,३२० किलो झाले. २००५ साली टाटांची एस ही गाडी आली, तिलाच आपण छोटा हत्ती म्हणतो. अशा गाडीत साधारण पाऊण टन माल बसतो. तेव्हा ६० क्रेटला दोन खेपा पडतील. उलट रोज भाजीच्या दहा-बारा जुड्या आणि दुधाचे कॅनच न्यायचे असतील, तर सव्वा-दीड टनाची गाडी घेऊन रिकामा हौदा फिरवण्यात अर्थ नाही.

गाडीत किती माल भरता येतो, हे विक्रेत्याच्या तोंडावर ठरवू नका. कागदावर दोन आकडे असतात : मालासकट एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. पहिल्यातून दुसरं वजा करा. उरेल त्यात चालक, हमाल आणि माल, सगळं आलं. 'पाटे वाढवून घ्या, दोन टन सहज ओढेल' असं कुणी सांगेल. पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाहीत आणि पासिंगही वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड सांगितला आहे. शिवाय जादा माल रस्त्यातच उतरवावा लागतो तो वेगळाच.

दुसरा प्रश्न, हिशेब जमतो का? समजा वर्षाला तुमच्या ६० खेपा होतात आणि भाड्याची गाडी खेपेला १,५०० रुपये घेते. वर्षाचे ९० हजार झाले. आता नव्या गाडीचा हप्ता महिना १४ हजार धरला, तर वर्षाचे १ लाख ६८ हजार होतात. त्यात डिझेल, विमा, टायर, दुरुस्ती अजून धरलेली नाही. मग वरचे पैसे कुठून येणार? शेजाऱ्यांचा माल नेऊन येणार असतील, तर गाडी घेण्याआधीच चार जणांशी बोला. माझ्या माहितीतल्या एका बागायतदाराने हे बोलणं गाडी आल्यावर केलं. तोवर वाडीत आणखी दोन गाड्या आल्या होत्या. दुसऱ्याच वर्षी हप्त्यापायी त्याला दुभती म्हैस विकावी लागली.

तिसरा प्रश्न, रस्ता कसला? बहुतेक पिकअपची ओढ मागच्या चाकांवर असते. हौदा रिकामा असला की पावसाळ्यात पाणंदीच्या चिखलात मागची चाकं जागीच फिरतात. तेव्हा जमिनीपासूनची उंची बघा आणि टायरची नक्षी बघा. भरल्या गाडीला आणि रिकाम्या गाडीला हवेचा दाब वेगळा लागतो, तो विचारून लिहून ठेवा. इंजिनाचंही तसंच. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ च्या आहेत. ज्या डिझेल गाडीला धुराची काजळी अडवणारी गाळणी असते, तिला रोज दोन-तीन किलोमीटरच फिरवलं तर गाळणी तुंबते. गाव ते फाटा एवढंच काम असेल, तर पेट्रोल किंवा सीएनजीचा विचार करा. मात्र सीएनजीचा पंप वाटेत हवा.

आता घरच्या माणसांचं. ही गाडी पिवळ्या पाटीची, मालवाहू म्हणून नोंदली जाते. हौद्यात माणसं बसवणं कायद्याने चालत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळताना अडचण येते. लग्नाला, जत्रेला वीस माणसं हौद्यात भरून जाणं आपल्याला सवयीचं झालंय. पण वळणावर गाडी कलंडली की पहिली फेकली जातात ती हौद्यातलीच. घरची चार-पाच माणसं नेहमी न्यायची असतील, तर दोन ओळींच्या केबिनची गाडी बघा. ती महाग पडते आणि हौदाही आखूड असतो, हे धरून चाला.

कागदांचं थोडक्यात सांगतो. मालासकट ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही. साडेसात टनांपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्वाळा दिला आहे. फिटनेस मात्र वेळेवर करून घ्या. जुनी गाडी घेत असाल, तर आधीचं कर्ज फिटल्याचा दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

शेवटी एकच. विकत घेण्याआधी आपल्याच मालाएवढं वजन भरून, आपल्याच रस्त्याने गाडी चालवून बघा. चढाला दम आणि उताराला ब्रेक, दोन्ही पटले, वहीतला हिशेबही जुळला, तर खुशाल नारळ फोडा. नाही जुळला, तर एक हंगाम भाड्याच्या गाडीवर काढा. त्यात कमीपणा काही नाही.