एइबार: लहान गावाचा मोठा संघ

स्पेनच्या बास्क प्रांतात, डोंगरांच्या कुशीत एइबार हे गाव आहे. वस्ती जेमतेम 27 हजार. बंदुका, सायकली आणि शिवणयंत्रांच्या कारखान्यांसाठी ते प्रसिद्ध. यादवी युद्धात बॉम्बहल्ल्यांनी ते उद्ध्वस्त झालं. पण 1940मध्ये इथल्या लोकांनी फुटबॉल क्लब उभा केला. बंदुका घडवणाऱ्यांच्या या संघाला आजही ‘आर्मेरोस’ म्हणतात.

इपुरुआ हे त्यांचं छोटंसं मैदान, शेजारच्या इमारतींच्या खिडक्यांतूनही सामना दिसतो. 2014मध्ये एइबारनं प्रथमच स्पेनच्या अव्वल श्रेणीत जागा मिळवली आणि वेगळाच पेच उभा राहिला. क्लबवर कर्ज नव्हतं, तरी नियमानुसार सुमारे 17 लाख युरोंचं जादा भांडवल उभारणं भाग होतं. नाहीतर थेट खालच्या श्रेणीत रवानगी! क्लबनं 50 युरोंचे शेअर विक्रीला काढले. एकालाच मालकी मिळू नये म्हणून खरेदीवर मर्यादाही घातली. जगभरातल्या हजारो चाहत्यांनी हातभार लावला आणि रक्कम जमली.

पुढे सलग सात हंगाम एइबार अव्वल श्रेणीत टिकला. 2018मध्ये याच इपुरुआवर त्यानं बलाढ्य रेआल माद्रिदला 3-0 असं नमवलं. हिशेब चोख आणि गाव पाठीशी असेल, तर लहान क्लबही ताठ मानेनं खेळू शकतो, हे एइबारनं सिद्ध केलं आहे.