कुलाब्याचे गेलेले स्टेशन



आपण आंबिवलीला गाडीत बसणारी माणसे. म्हणजे मूळच्या जी. आय. पी. रेल्वेची. आज मात्र मी तुम्हांला दुसऱ्या कंपनीच्या, बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या, स्टेशनाची हकीगत सांगणार आहे. चर्चगेटला आपण सगळे कधी ना कधी उतरलो आहोत. रूळ तेथे संपतात, पुढे रस्ता लागतो. रूळ नेमके तेथेच का संपावेत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ते १९३० सालापर्यंत तेथे संपत नव्हते. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेने, समुद्राच्या कडेकडेने ते थेट कुलाब्यापर्यंत जात होते.

कुलाबा मुळात बेट. १८३८ मध्ये ते कॉजवेने मुंबईला जोडले गेले आणि थोड्याच वर्षांत कापसाचा मोठा बाजार तेथे भरू लागला. मोकळ्या मैदानावर गाठींच्या राशी लागत आणि तेथून त्या जहाजांवर चढत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि आपल्याकडचे भाव आकाशाला भिडले. त्या पैशाच्या धुंदीत समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनी ही त्यांतलीच एक. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि कंपन्या बुडाल्या. मागे उरली ती किनाऱ्याची भरावाची चिंचोळी पट्टी. सरकारने ती रेल्वेला दिली. सट्टेवाल्यांच्या दिवाळ्यावर रूळ पडले, असे म्हटले तरी चालेल!

बडोद्याकडून येणारी ही रेल्वे १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोचली होती. १८६७ च्या एप्रिलात विरारहून बॅक बेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली, १८७० मध्ये चर्चगेट झाले आणि पुढल्या दोन-तीन वर्षांत गाडी कुलाब्याला गेली. गुजरातचा कापूस आता रुळांवरून किनाऱ्याजवळ येऊ लागला. १८९६ मध्ये कुलाब्याला नवी, ऐसपैस इमारत उभी राहिली.

आता शेवटच्या तीन वर्षांकडे नीट पाहा. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल प्रथम सुटली, तीही कुलाब्याहूनच. आणि ३१ डिसेंबर १९३० रोजी स्टेशन कायमचे बंद! चालती जागा थांबते म्हणजे काय, हे मोहन्यात मी सांगायला नको, एन. आर. सी. कारखाना २००९ मध्ये बंद झाल्यावर आपण ते डोळ्यांनी पाहिले. पण कुलाब्याला ना प्रवासी कमी पडले होते, ना गाड्या. कमी पडली ती जागा.

गव्हर्नर लॉइड यांच्या काळात सरकारने बॅक बे भरण्याचे काम पुन्हा हाती घेतले. योजना होती सुमारे ११४५ एकरांची. प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी जमीन हाती आली आणि खर्च मात्र फुगत गेला. वीर नरिमन यांनी यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला, तेव्हा एका इंजिनियराने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. पुढे भर घातलेल्या जमिनीच्याच एका टोकाला त्यांचे नाव मिळाले, हा योगायोग मोठा मजेचा आहे. या नव्या जमिनीला शहराशी जोडायचे, तर मध्ये रूळ आडवे येत होते. म्हणून लांबच्या गाड्यांसाठी १८ डिसेंबर १९३० रोजी बॉम्बे सेंट्रल उघडले, लोकल चर्चगेटला थांबली आणि पुढचे रूळ उखडले गेले. कापसाचा बाजार त्याआधीच शिवडीकडे हलला होता. हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्टेशनाने त्या मैदानाचे नाव तेवढे जपले आहे. एका भरावाने स्टेशनला जागा दिली, दुसऱ्याने ती काढून घेतली. कुलाब्याच्या रहिवाशांना मात्र तेव्हापासून चर्चगेटपर्यंत बस, ट्राम नाहीतर पायपीट.

स्टेशनाच्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी अतिरेकी बोटीतून उतरले, ते तिच्याच शेजारच्या मच्छिमारांच्या वस्तीपाशी. तेव्हा हे नाव पुष्कळांनी प्रथम ऐकले असेल.

२०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली. म्हणजे पंचाण्णव वर्षांनी त्या भागात पुन्हा आगगाडीची नाही, पण रुळांची सोय झाली. आंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जावे, तेथे जिना उतरून मेट्रो धरावी आणि कफ परेडला वर यावे. तेथून बधवार पार्क चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जरूर जा. आणि परतताना चर्चगेटला उतरून, रूळ जेथे संपतात तेथून दक्षिणेकडे एकदा नजर टाका.