माळव्यातील नृत्य : मांडवातले आणि मंचावरचे



देवास जिल्ह्यातील टोंकखुर्द हे माळव्यातील तहसिलीचे गाव. देवास आणि धार येथे पवारांची मराठी राज्ये १९४८ पर्यंत नांदली. परंतु राजघराणी मराठी असली तरी या मुलखात अंगणात नाचणाऱ्या स्त्रियांचे बोल माळवीच राहिले. तेथील नृत्याचा उगम शोधू जाता दोन वाटा लागतात : एक मांडवातली, दुसरी मंचावरची.

मांडवातले मुख्य नृत्य म्हणजे मटकी. नावावरून कोणी डोक्यावर मडके घेऊन नाचण्याचा हा प्रकार समजेल. परंतु मटकी हे ढोलाच्या एका ठेक्याचे नाव आहे, आणि ठेक्यावरूनच नृत्यास ते मिळाले. लग्नमंगलाच्या प्रसंगी प्रथम एकटी स्त्री नाचू लागते, मग इतर जणी उतरतात. आडा, खडा आणि रजवाडी हे प्रकारही याच कुळातले. नाचणारीच्या मुखावर घुंगट असतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने छत्तीस दृष्टी वर्णिल्या. येथे दृष्टीच पदराआड! मग जे सांगावयाचे ते कमरेच्या लवणीने, हातांच्या वळणाने आणि पावलांनी. याला अडाणी नाच म्हणणाऱ्याने तो नीट पाहिलेला नसावा.

दुसरी वाट 'माच'ची. हा शब्द 'मंच' यापासूनच आला. उज्जयिनीच्या गोपाळजी गुरू, बालमुकुंद गुरू इत्यादींनी हे गीतनाट्य घडविले. उघड्यावर उंच मंच, ढोलक व सारंगी यांची साथ, आणि परंपरेने स्त्रीपात्रेही पुरुषांनीच रंगवावयाची. आपल्या देवळांतील दशावतारी काला पाहिलेल्यास यात नवल वाटणार नाही.

अशी वाटणी दूर सयाम देशातही, म्हणजे आजच्या थायलंडातही, होती. तेथे 'लखोन नाय' म्हणजे आतले नाट्य. ते राजवाड्यातील स्त्रियांचे. 'लखोन नोक' म्हणजे बाहेरचे. ते पूर्वी पुरुषांचे. फरक इतकाच की, तेथील आतल्या नृत्यास राजाश्रय लाभला. माळव्यातील मांडवाला तो नव्हता. त्याचे नाते आपल्या धालोशी अधिक जवळचे. पौष महिन्यात मांडावर समोरासमोर ओळी धरून वाकणाऱ्या आपल्या स्त्रियांना तरी कोणता दरबार होता?

म्हणूनच माचच्या गुरूंची नावे टिकली; मटकीच्या एकाही गुरूचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आईच्या मागे उभी राहून मुलगी शिकली, हीच तिची पाठशाळा. आता मटकी कलामहोत्सवांच्या रंगमंचावरही येते, हे चांगलेच झाले. परंतु ती पाठशाळा भरत असे लग्नाच्या मांडवात, ढोलाभोवती. आणि त्याच मांडवात आज ध्वनिवर्धकावर सिनेमाची गाणी लागतात. ढोल मुका झाला की मटकीचा ठेकाही गेला, आणि ज्या ठेक्यावरून नृत्याचे नाव पडले तो लहान मुलींच्या कानावर पडेनासा झाला.