करारात कोण होते? हॉब्ज, लॉक आणि रूसो

राज्यकर्त्याचा हुकूम का मानायचा, या प्रश्नाला युरोपात शतकानुशतके एकच उत्तर मिळत होते: राजा देवाने नेमलेला आहे म्हणून. सतराव्या शतकात इंग्लंडच्या सर रॉबर्ट फिल्मरने या उत्तराची सगळ्यांत नेटकी मांडणी केली. आदम हा पहिला बाप आणि तोच पहिला राजा; पुढचे सगळे राजे त्याच अधिकाराचे वारस. घरात बापाला जाब विचारायचा नसतो, तसा राज्यात राजालाही नाही.

३० जानेवारी १६४९ या दिवशी लंडनमध्ये, व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउससमोर पहिल्या चार्ल्सचा भर चौकात शिरच्छेद झाला. त्याच्यावर रीतसर खटला चालवून त्याच्याच प्रजेने ही शिक्षा फर्मावली होती. राजे त्याआधीही मारले गेले होते. पण राजा म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करून, न्यायालयाच्या निकालाने मारलेला राजा ही गोष्ट वेगळी होती. मग राज्याला अधिकार येतो तरी कुठून? हॉब्ज, लॉक आणि रूसो या तिघांनी पुढच्या सव्वाशे वर्षांच्या आत त्याची तीन उत्तरे दिली. राज्य माणसांनी केलेले आहे आणि ते माणसांच्या संमतीवर उभे आहे, एवढे तिघांनाही मान्य होते. तिथून पुढे मात्र एकाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या निष्कर्षाच्या मुळावर येतो.

टॉमस हॉब्जचा जन्म १५८८चा, स्पॅनिश आरमार इंग्लंडवर चालून आले त्या वर्षाचा. कॅव्हेंडिश या सरदार घराण्यात शिक्षक म्हणून त्याचे आयुष्य गेले. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीची चिन्हे दिसताच १६४० मध्ये तो पॅरिसला निघून गेला आणि तिथे ‘लेव्हायथन’ लिहून त्याने १६५१ मध्ये ते प्रसिद्ध केले. या ग्रंथाचे मुखपृष्ठचित्र नीट पाहिले तर निम्मा सिद्धांत हाती लागतो. डोंगरांच्या मागून एक अजस्र मुकुटधारी पुरुष वर आला आहे. त्याच्या एका हातात तलवार आहे, दुसऱ्यात बिशपचा धर्मदंड. खाली शेते, शहर, चर्च. त्या पुरुषाचे धड आणि दोन्ही हात शेकडो लहान लहान माणसांचे बनलेले आहेत. ही माणसे वाचकाकडे पाठ करून उभी आहेत. सगळ्यांची नजर वर, त्या एका मस्तकाकडे. सत्तेचे शरीर प्रजेचेच आहे, पण डोके एकच.

हॉब्जची सुरुवात समतेपासून होते, आणि ही समता भयानक आहे. अगदी दुबळा माणूसही कपटाने किंवा इतरांना हाताशी धरून बलवानाचा जीव घेऊ शकतो, म्हणून सगळे सारखे. स्पर्धा, अविश्वास आणि प्रतिष्ठेची हाव या तीन कारणांनी माणसे भांडतात. वर धाक नसेल तर शेती, व्यापार, विद्या यांपैकी काहीच टिकत नाही. हीच ‘निसर्गावस्था’. तिच्यातून सुटण्यासाठी माणसे एकमेकांशी करार करतात आणि आपले हक्क तिऱ्हाइताच्या, म्हणजे सार्वभौमाच्या, स्वाधीन करतात. हा करार प्रजेचा प्रजेशी आहे. सार्वभौम त्यात पक्षकारच नाही. त्यामुळे त्याने करार मोडला, असा आरोप त्याच्यावर करता येत नाही.

एवढ्यावर थांबले तर हॉब्ज हुकूमशाहीचा वकील ठरतो, आणि बऱ्याच पाठ्यपुस्तकांत तो तसाच उभा केलेला असतो. हा त्याच्यावर अन्याय आहे. माणूस राज्यात येतो तो जीव वाचवण्यासाठी. म्हणून स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क तो कधीच सोडत नाही, असे हॉब्ज स्वच्छ लिहितो. न्यायाने मृत्युदंड झालेला गुन्हेगारसुद्धा फाशी देणाऱ्याचा प्रतिकार करू शकतो. सार्वभौमाला संरक्षण देणे जमेनासे झाले, की आज्ञापालनाचे बंधनही संपते. हा शेवटचा मुद्दा परागंदा राजपक्षाला सहन होण्यासारखा नव्हता, कारण त्यांचा राजा कुणाचेच संरक्षण करण्याच्या स्थितीत उरला नव्हता. हॉब्ज मग इंग्लंडला परतला आणि राजाविना चाललेल्या राजवटीत राहू लागला. पुढे १६८३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याची पुस्तके जाळण्याचा हुकूम काढला. तोवर त्याला जाऊन चार वर्षे झाली होती.

जॉन लॉक १६३२चा. त्याचे वडील यादवीत पार्लमेंटच्या बाजूने लढले होते. लॉकने वैद्यकाचा अभ्यास केला होता. लॉर्ड ॲशली, म्हणजे पुढचा शाफ्ट्सबरीचा अर्ल, याच्या यकृतातील गळवावर १६६८ मध्ये जी शस्त्रक्रिया झाली, ती लॉकच्या देखरेखीखाली. त्या ओळखीने तो राजकारणात ओढला गेला आणि १६८३ मध्ये त्याला हॉलंडला पळावे लागले. इंग्लंडच्या राजाला हटवणाऱ्या १६८८च्या क्रांतीनंतर तो परतला आणि ‘टू ट्रीटिझेस ऑफ गव्हर्नमेंट’ निनावी छापून आले. आपण त्याचे लेखक आहोत, हे लॉकने उघडपणे मान्य केले ते मृत्युपत्राच्या पुरवणीत, १७०४ मध्ये. हे पुस्तक झालेल्या क्रांतीचे समर्थन म्हणून लिहिले, अशी समजूत फार काळ होती. पीटर लॅस्लेट या संशोधकाने १९६० मध्ये दाखवून दिले की त्याचा बराचसा भाग क्रांतीच्या आधीच, पकडले गेले तर गळ्याशी येईल अशा काळात लिहिलेला होता.

लॉकच्या निसर्गावस्थेत कायदा आहे, नाही तो निःपक्ष न्यायाधीश. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क राज्याच्या आधीचे. राज्य त्यांचा विश्वस्त. विश्वस्ताने विश्वासघात केला की त्याला काढून टाकण्याचा हक्क लोकांकडे परत येतो. हॉब्जने बंद केलेले दार इथे सताड उघडते, आणि १७७६चा अमेरिकन स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच दारातून आत आला.

मालमत्तेवरचे प्रकरण मात्र सावकाश वाचावे लागते. ओकखाली पडलेली फळे ज्याने गोळा केली त्याची, कारण त्याने त्यांत स्वतःचे श्रम मिसळले. इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे, घेतलेले सडून वाया जाता कामा नये, या दोन अटी. इथपर्यंत युक्तिवाद निर्मळ आहे. पण त्याच ओघात लॉक उदाहरण देतो: माझ्या घोड्याने खाल्लेले गवत, माझ्या नोकराने कापलेले जमिनीचे ढेकूळ आणि मी खणलेले खनिज, हे सगळे माझे. श्रम नोकराचे आणि मालकी मालकाची! श्रमातून हक्क येतो असे सांगणाऱ्या प्रकरणात नोकर घोड्याच्या रांगेत बसतो, आणि लॉकला त्यात काही वावगे वाटत नाही. नांगराखाली न आलेली अमेरिकेतली जमीन त्याच्या लेखी पडीक. तिथे राहणाऱ्या आदिवासींचा त्या जमिनीशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध हिशेबात येत नाही. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकचे पैसे गुंतलेले होते. हे सारे लॉकच्या सिद्धांताच्या बाहेरचे किरकोळ तपशील नव्हेत. संमती कुणाची धरायची, याचे उत्तर त्यांतच दडलेले आहे.

संमतीच्या कल्पनेवरचा सर्वांत मर्मभेदी हल्ला १७४८ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने केला. बहुतेक राज्ये तलवारीने किंवा बळकावून आलेली आहेत. करार कुणी, कधी केला? देशात राहिला म्हणजे मूक संमती दिली, हे लॉकचे म्हणणेही ह्यूमला पटत नाही. परकी भाषा न येणारा, हातावर पोट असलेला गरीब माणूस देश सोडून जाणार कुठे? झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाने समुद्रात उडी मारली नाही, एवढ्यावरून त्याने कप्तानाचा हुकूम मान्य केला असे म्हणता येत नाही.

जिनिव्हाच्या घड्याळजीचा मुलगा झाँ-जाक रूसो याला हे वर्म गरिबीमुळेच उमगले होते. १७५५च्या विषमतेवरील निबंधात त्याने करार झाला असे गृहीत धरले आणि तो फसवणुकीचा होता, असे म्हटले. जमिनीला कुंपण घालून झाल्यावर श्रीमंत माणूस गरिबांना म्हणतो, सर्वांच्या रक्षणासाठी कायदे करू. आणि ज्यांच्याकडे रक्षण करण्यासारखे काही नाही तेच आनंदाने होकार देतात. या दोन पानांइतके धारदार राजकीय लेखन अठराव्या शतकात दुसरे क्वचितच सापडेल.

१७६२च्या ‘सोशल काँट्रॅक्ट’मध्ये तो न्याय्य करार शोधतो. प्रत्येकाने सर्वस्व समूहाला द्यायचे, कुणा एकाला नाही. म्हणजे कायदा पाळताना माणूस स्वतःचीच आज्ञा पाळतो. सर्वांच्या हिताकडे पाहणारी ‘सामूहिक ईहा’ आणि स्वार्थांची नुसती बेरीज यांत तो फरक करतो. प्रतिनिधी निवडून स्वातंत्र्य टिकते, हे त्याला मान्य नाही. इंग्रज स्वतंत्र असतात ते निवडणुकीपुरते. सामूहिक ईहा न मानणाऱ्याला स्वतंत्र होण्यास भाग पाडावे, हे त्याचे विधान धोक्याचे आहे, आणि विरोधकाला जनतेचा शत्रू ठरवणाऱ्यांनी पुढे त्याचा आधार घेतला. त्याच वर्षी जिनिव्हाने हे पुस्तक ‘एमील’सह जाळले. ‘एमील’मध्ये मुलाच्या शिक्षणाचा अपूर्व विचार आहे, पण सोफीचे, म्हणजे मुलीचे, शिक्षण पुरुषाला आवडावे एवढ्यासाठीच. मेरी वोलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये स्त्रीच्या हक्कांवर ग्रंथ लिहून त्याचा रोखठोक समाचार घेतला.

करार झाला की नाही, या वादापेक्षा करारात कोणाला धरले होते, हा प्रश्न मोठा आहे. शासितांच्या संमतीची ग्वाही देणाऱ्या अमेरिकेने १७८७च्या राज्यघटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची गणना तीन-पंचमांश केली. टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ तरुणपणी वाचणाऱ्या जोतीराव फुल्यांना ही विसंगती नेमकी कळली होती. १८७३ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मधून करार पुन्हा मांडला, तेव्हा त्याने हीच पोकळी भरण्याचा प्रयत्न केला: आपण कोणत्या घरात, कोणत्या वर्णाचे जन्मणार हे माहीत नसताना माणसांनी समाजाचे नियम ठरवावेत. कॅरोल पेटमनने १९८८ मध्ये स्त्रियांच्या बाजूने आणि चार्ल्स मिल्सने १९९७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या बाजूने या परंपरेची उलटतपासणी केली.

रूसोचे जिनिव्हा आज ज्या स्वित्झर्लंडमध्ये आहे, तिथे स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार मिळाला तो फेब्रुवारी १९७१ मध्ये, सार्वमताने; आणि त्या सार्वमतात मत देण्याचा अधिकार फक्त पुरुषांना होता.