आपला पोशाख आणि पायांतील जोडा

(नरसी नामदेव येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



चिटणिसांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही 'जोडे' असे उत्तर दिले. ते हसले. आम्ही थट्टा करीत आहोत असे त्यांना वाटले असावे. शिंप्यांच्या मेळाव्यात कापडावर बोलावे, कात्रीवर बोलावे, फार तर तयार कपड्यांनी आपल्या धंद्याची काय दशा केली यावर बोलावे. जोड्यांवर काय बोलावयाचे? परंतु मंडपाच्या दाराशी आपण सर्वांनी जे काढून ठेवले आहे, ते येताना आम्ही जरा निरखून पाहिले, आणि आमचा निश्चय पक्का झाला. अंगावर उत्तम बेताचे कोट, आणि बाहेर टाचा चेपलेले, पुढे पांढरे पडलेले, धुळीने माखलेले बूट! आपली सुई घोट्यापर्यंत चालते, आणि तिच्याबरोबर आपले लक्षही तेथेच थांबते.

'पायीची वहाण पायीच बरी' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ती वहाणेविषयी नसून माणसांविषयी आहे, हे आपण जाणताच. आम्हांस ती कधी आवडली नाही, आणि कयाधूच्या काठी असलेल्या या गावात तर ती उच्चारूच नये असे वाटते. ज्या नामदेव महाराजांची ही जन्मभूमी, त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारी पायरीच्या रूपाने आहे. विठ्ठलदर्शनास जाणाऱ्यांच्या पायांची धूळ आपणावर पडावी, हीच त्यामागील भावना. त्या पायरीला नमस्कार करून आत जाणाऱ्या समाजाने पायांतील वस्तू हलकी मानावी, आणि ती करणाऱ्यास त्याहून हलके मानावे, याची संगती आम्हांस लागत नाही.

आता थोडे आमच्याविषयी. आमच्या वडिलांनी सारे आयुष्य शिवणयंत्राच्या पायडलवर घालविले, आणि तेही अनवाणी. यंत्राची चाल तळव्याला कळली पाहिजे असे ते म्हणत. त्यांनी शेकडो नवरदेवांचे सूट शिवले, पण स्वतःच्या पायांत बूट कधी घातला नाही. आमच्या पायांत पहिला बूट आला तो 1974 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. परभणीस मुलाखतीचे बोलावणे आले होते. त्या काळी हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. वडिलांनी आमच्यासाठी पँट स्वतः शिवली, आणि बुटासाठी पैसे दिले. आम्ही सकाळी दुकानात गेलो, बसल्या बसल्या बूट घालून पाहिला, चकाकी पाहून पसंत केला, आणि दुसऱ्या दिवशी तोच घालून एस.टी.त बसलो. परभणीच्या स्थानकापासून त्या कचेरीपर्यंत चालत जाईतो दोन्ही टाचांना फोड आले होते. मुलाखतीत पहिला प्रश्न काय विचारला हे आज आठवत नाही, डाव्या टाचेतील कळ मात्र आठवते. नोकरी मिळाली नाही. ती बुटापायी गेली असे आम्ही म्हणणार नाही. पण आमचे निम्मे चित्त टाचेपाशी होते, हे खरे.

आमच्या दुकानासमोर एक वृद्ध चर्मकार गृहस्थ बसत. आम्ही त्यांना 'बाबा' म्हणत असू. त्यांनी तो बूट ओला करून लाकडी कलबुतावर चढविला, चवड्याच्या जागी कातड्याचा तुकडा घालून जागा वाढविली, टाचेच्या आतली कड ठोकून मऊ केली, आणि तीन दिवसांनी परत दिला. वर एवढेच म्हणाले, "तुमचे वडील पँटचे माप गिऱ्हाइकाला बसवून घेतात का? मग पायाचे माप बसून कसे घेतले?" बूट कसा निवडावा याविषयी आम्हांस जे ठाऊक आहे, त्याचा आरंभ या एका वाक्यात आहे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बाबांचा सदरा आमचे वडील शिवीत, आणि आमच्या घरच्या वहाणा बाबा शिवीत. पैशाचा प्रश्न कधी निघाला नाही. परंतु सदऱ्याचे माप देण्यास बाबा आले, की ते दुकानाच्या ओट्यावर चढत नसत. पायरीवर उभे राहत, आणि वडील टेप घेऊन खाली उतरत. त्या काळी आम्हांस यात काही वावगे दिसले नाही, आणि याच गोष्टीची आज आम्हांस लाज वाटते. नामदेवांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, याचा आपण अभिमानाने उच्चार करतो. त्याच ग्रंथात काशीच्या संत रविदासांचीही, म्हणजे आपण ज्यांना रोहिदास म्हणतो त्यांचीही, पदे आहेत. कापड शिवणाऱ्यांच्या कुळातला आणि कातडे शिवणाऱ्यांच्या कुळातला, असे दोघे एका ग्रंथात मांडीला मांडी लावून बसले. आमच्या ओट्याला मात्र एक पायरी आड आली.

असो. मापाकडे वळू. पाय दिवसभरात थोडा फुगतो, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. मोजे घालून, दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहावे आणि माप घ्यावे. बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात, तेव्हा मोठ्या पायाला बूट घ्यावा. अंगठ्यापुढे एका बोटाच्या रुंदीएवढी जागा राहावी, चवडा आवळू नये, आणि चालताना टाच वर निसटू नये. बाजारात चालणारे नंबर इंग्रजी मापाचे आहेत. जवाच्या दाण्याची लांबी, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, एवढे अंतर एका नंबरात आणि दुसऱ्यात असते. आपण सुताच्या फरकासाठी गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकून घेणारी माणसे. येथे अडीच सुतांहून अधिक फरक पडतो, आणि आपण 'चालेल' म्हणतो! शिवाय नंबर लांबीचा असतो, रुंदीचे काय? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली, तेव्हा भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा रुंद असल्याचे दिसून आले. आपल्याकडे लहानपण अनवाणी हिंडण्यात गेलेल्यांचा चवडा तर चांगलाच पसरलेला असतो. असा माणूस निमुळत्या टोकाचा बूट घेतो, तो रुंदीत बसत नाही म्हणून एक नंबर मोठा घेतो, आणि मग टाच निसटते. दोष पायाचा नसतो.

यासाठी ज्या बुटाची नाडीची पाने वरून मोकळी उघडतात, तो डर्बी नावाचा प्रकार आपल्या पायांस अधिक सोयीचा. ऑक्सफर्ड प्रकारात ही पाने खाली शिवून टाकलेली असतात. तो दिसतो सुबक, पण उंच किंवा रुंद पायास जाचतो. आणखी एक विचार आहे. विलायतेतील माणूस सकाळी बूट घालतो तो पुष्कळदा रात्री काढतो. आपण घराच्या उंबऱ्याशी काढतो, देवळाशी काढतो, पंगतीला बसताना काढतो, सांत्वनाला गेलो तरी काढतो. नाडी सोडण्याचा कंटाळा येतो, मग पाय तसाच कोंबला जातो आणि टाच चेपते. बुटाची टाच एकदा मोडली की तो बूट चपलेहून वाईट. त्यापेक्षा बिननाडीचा बूट घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. किंवा पितळी शिंगाडी नाहीतर साधा प्लॅस्टिकचा चमचा खिशात ठेवावा. मोजेही रोज धुतलेले असावेत. वारंवार बूट काढणाऱ्या समाजाला ही गोष्ट इतरांहून अधिक लागू आहे, आणि यापुढे आम्ही काही बोलत नाही.

आपल्या व्यवसायातील बंधूंना एक सूचना. पँटची उंची घेताना गिऱ्हाइकास बूट घालून उभे करा. चपलेवर घेतलेली उंची बुटावर आखूड पडते. मोहरी बुटाच्या पुढच्या भागावर अलगद टेकावी, मागे टाचेच्या बुडावर लोळू नये. पुष्कळ चांगल्या सुटांचा विचका येथेच होतो, आणि नाव शिंप्याचे खराब होते.

कातडे कसे ओळखावे, असे तरुण विचारतात. अंगठ्याने दाबा, खऱ्या कातड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि बोट काढल्यावर विरतात. कापलेली कड पाहावयास मिळाली तर तीत तंतू दिसतात, कापडावर चढविलेला थर दिसत नाही. कोटाचे अस्तर आपण जसे उलटून पाहतो, तसे बुटाचे अस्तरही पाहावे. आतून रेक्झीन असेल तर पायास घाम फुटतो. तळाची शिवण ही सर्वांत मोलाची गोष्ट. चांगल्या बुटात वरचे कातडे आणि तळ यांच्यामध्ये वेल्ट नावाची एक अरुंद कातडी पट्टी शिवलेली असते. हे काम यंत्राने करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत चार्ल्स गुडइयर या गृहस्थांच्या नावाने रूढ झाली. त्यांचे वडील म्हणजे रबर टिकाऊ करण्याची कृती शोधणारे गुडइयर. तळ झिजला, की टाके उसवून नवा तळ लावता येतो, जशी आपण सदऱ्याची कॉलर उलटून लावीत होतो. नुसता चिकटविलेला तळ सुटला, की बहुधा बूटच जातो.

हलक्या फेसाळ तळाविषयी मुद्दाम सांगतो, कारण हा अनुभव पुष्कळांस आला असेल. लग्नातला बूट जपून खोक्यात ठेवला, चार वर्षांनी धाकट्याच्या लग्नात काढला, आणि दहा पावलांत तळाचा भुगा झाला! वापरलाही नव्हता, मग झिजला कसा? झिजला नाही. पॉलियुरेथेन नावाचा हा पदार्थ हवेतील दमटपणाने आतून हळूहळू विरत जातो, आणि बंद खोक्यात पडून राहिल्याने तो वाचत नाही. असा बूट घेतलाच तर वापरून संपवावा.

निगा फार अवघड नाही. आल्याबरोबर धूळ झटकावी, ओलसर फडक्याने पुसावे. पॉलिश थोडे घ्यावे, चोळावे, वाळू द्यावे, मग ब्रश मारावा. जाड थराने चकाकी येत नाही, भेगा पडतात. बाटलीतील पातळ पॉलिश घाईच्या वेळी ठीक, पण रोजचे नव्हे. खोबरेल तेल चोळण्याची आपल्याकडे फार खोड आहे. वहाणेला ते शोभते, बुटाला नाही, कारण त्यावर धूळ चिकटते आणि पॉलिश धरत नाही. एकच बूट लागोपाठ दोन दिवस घालू नये, आतला घाम सुकण्यास वेळ लागतो. आपल्या काळ्या मातीचा चिखल ओला असताना खरवडू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावा, आणि माती सुकल्यावर झाडावी. चुलीपाशी किंवा उन्हात ठेवलेले कातडे तडकते. श्रावणात कपाटातल्या बुटांवर बुरशी धरते, म्हणून आठवड्यातून एकदा ते वाऱ्यावर काढावेत. टाचेखालचा रबरी तुकडा झिजला, की लगेच कोपऱ्यावरच्या कारागिराकडे जावे. पंधरा दिवस थांबलात तर तेच काम तिप्पट होते. आणि मजुरीवरून त्यांच्याशी घासाघीस करू नये. उसवलेली बाही शिवून देताना आपल्याशी कोणी घासाघीस केली तर कसे वाटते?

आता ज्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो ते सांगतो. लग्नाची यादी करताना 'सूट-बूट' हे दोन शब्द एका श्वासात उच्चारले जातात, आणि खर्च मुलीच्या वडिलांकडे जातो. हुंडाबंदीचा कायदा 1961 साली झाला. हुंडा हा शब्द यादीतून गेला, सूट-बूट राहिला. काही वर्षांपूर्वी आम्ही एका लग्नास होतो. वधूपिता नगावर शिलाई करणारे. नवरदेवाच्या घरून बुटाची किंमत कळविण्यात आली होती, नंबर कळविण्यात आला नव्हता. त्या गृहस्थांनी कित्येक रात्री जागून, जादा नग उतरवून तो बूट आणला. तो एका नंबराने आखूड निघाला. वरातीत नवरदेव लंगडत होता, वराकडील मंडळी कुजबुजत होती, आणि वधूपिता मान खाली घालून दर दहा पावलांनी त्या बुटाकडे पाहत होते. पुढे तो बूट कोणी घातल्याचे आम्ही ऐकले नाही.

म्हणून आमची समाजापुढे सूचना अशी, की यापुढे यादीतून 'बूट' हा शब्द काढून टाकावा. नवरदेवाने स्वतःच्या कमाईचा, स्वतःच्या पायावर उभे राहून मापलेला बूट घ्यावा. लग्नापूर्वी महिनाभर घ्यावा, आणि घरात रोज थोडा वेळ घालून पायास सरावाचा करावा. सुटाविषयीही आमचे असेच मत आहे, पण आमच्या धंद्याचा प्रश्न असल्याने तो मुद्दा दुसऱ्या कोणी मांडावा. कार्यकारिणीने ही सूचना आजच्या बैठकीत घ्यावी अशी आमची विनंती आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जाऊन आले असतील. तेथील जोडेघरात चांगल्या घरची माणसे आल्यागेल्यांचे जोडे हातांत घेतात, पुसतात आणि ठेवतात, आणि त्यास सेवा म्हणतात. आज आपल्या मंडपाच्या दाराशी तशी व्यवस्था नाही, एकावर एक ढीग पडला आहे, आणि त्यात काळे बूटच अधिक. तेव्हा जाताना एक काळजी घ्यावी. आमच्या बुटाच्या जिभेला आतल्या बाजूने तांबड्या दोऱ्याचा एक टाका घातलेला आहे. तो कोणाच्या पायांत गेलेला आढळला, तर कृपा करून ध्वनिक्षेपकापाशी आणून द्यावा. आम्ही तोवर येथेच बसलेले असू.