उंदीर मरतो तेव्हा गावानं जागं व्हावं

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



फुफ्फुसाचा आजार म्हटला की आपण समजतो, तो म्हाताऱ्याकोताऱ्याला, अशक्ताला. प्लेगचा जंतू हा भेद पाळत नाही. धडधाकट गडीही दोन-चार दिवसांत नेतो. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पुढं हा रोग दुर्मीळ झाला. १९६६ नंतर देशात तो नोंदला गेला नव्हता. १९९४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा दिसला, तो आपल्याच बीड जिल्ह्यात, मामला गावी.

कारण काय सांगितलं गेलं? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. भीतीनं लोकांनी घरं सोडली, धान्य मात्र घरातच राहिलं. त्यावर उंदीर पोसले. प्लेगनं उंदीर मेला की पिसू गार मढं सोडते आणि माणसाला चावते. ताप येतो, जांघेत नाहीतर काखेत गाठ उठते. उपचार झाला नाही तर जंतू रक्तातून फुफ्फुसात उतरू शकतो. मग पिसूचीही गरज उरत नाही. खोकल्याच्या तुषारांतून रोग माणसाकडून माणसाकडं जातो. त्याच वर्षी सप्टेंबरात सुरतेत हा फुफ्फुसाचा प्लेग पसरला. पन्नासच्या वर माणसं गेली, लाखोंनी शहर सोडलं.

औषध आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेतल्या एका शेतकी कॉलेजात, मातीतल्याच जिवाणूपासून निघालं. पण फुफ्फुसाच्या प्लेगात उपचार चोवीस तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. तिथं अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवला, तर माणूस गेला.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सांगतो. बळदापाशी, कणगीपाशी उंदीर आपोआप मरू लागले तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा. अशा वेळी उंदरांना विष घालायची घाई नको. आधी आरोग्य खात्याकडून पिसवांवर भुकटी मारून घ्या, नाहीतर मेल्या उंदराची पिसू आपल्याच अंगावर येईल. कपाशीचं औषध मात्र घरात मारू नका. आणि ताप-गाठ किंवा थुंकीत रक्त दिसलं, की त्याच दिवशी दवाखाना.

सरकारकडं आमची एकच मागणी आहे. भूकंप असो की पूर, माणसाला निवारा देताना त्याच्या ज्वारीलाही उंदीर शिरणार नाही अशी कोठी द्या. १९९४ साली प्लेगच्या भीतीनं काही देशांनी भारताची विमानं आणि माल अडवला होता. त्या नुकसानीपुढं कोठीचा खर्च तो केवढा?