पाण्याखाली लेसर मारला, पण पाण्यात उरलं काय?

(धाराशिव जिल्ह्यातल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या बोलण्याचं शब्दांकन)

आपल्याकडे लोहार विळ्याला ‘पाणी देतो’, ते तुम्ही पाहिलं असेल. लालभडक लोखंड पाण्यात गेलं की चर्र आवाज येतो. इतक्या झटक्यात थंड झाल्यावर त्याच्या आतल्या रचनेला सावकाश बसायला वेळच मिळत नाही.

आता भात्याच्या जागी लेसर आणा आणि लोखंड आधीच पाण्यात ठेवा. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात हेच केलं गेलं. पाटील, ओगले, भिडे आणि सहकाऱ्यांचा निबंध १९८७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. लेसरच्या स्पंदाने लोखंडाचा पृष्ठभाग तापला, पाण्याशी त्याची क्रिया झाली आणि एरवी न टिकणारी ऑक्साइडं तिथेच गोठली. या विषयाचा इतिहास सांगताना जगभर हा निबंध सुरुवातीलाच येतो. पुढे १९९३ मध्ये फॉयटिक आणि हेंग्लाइन यांनी द्रवात सुटणाऱ्या बारीक कणांकडे लक्ष वळवलं.

सोन्यावर असा लेसर मारला की पाणी लालसर होतं, चांदीवर मारला की पिवळसर. वर्णपटात सोन्याचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास दिसतं, चांदीचं ४०० च्या. रंग दिसला की आपण खूश! पण कण केवढे आहेत?

इथं सांभाळायचं. प्रकाश-विकिरणाच्या यंत्रात मोठे कण छोट्यांना झाकून टाकतात. विकिरण व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं. म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांएवढा प्रकाश फेकतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कण थेट दिसतात, पण थेंब वाळवावा लागतो आणि वाळताना कण गोळा होतात. क्ष-किरण विवर्तन स्फटिकाचा आकार सांगतं, अख्ख्या कणाचा नाही.

मग हे तीन आकडे जुळले नाहीत तर? घाबरू नका. तिन्ही लिहा, पद्धतीसकट. सोयीचा एकच आकडा ठेवू नका. चांदीचे कण जंतू मारतात म्हणून उद्या ते जखमेच्या पट्टीत जातील. आकार बदलला की चांदी किती विरघळते तेही बदलतं, आणि परिणामही. तुमच्या वहीतल्या त्या आकड्यावर कुणीतरी विसंबणार आहे.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.